पाया आणि पाणी यांची लिखापढी करा

छत्रपती संभाजीनगरहून (औरंगाबाद) पैठण रस्त्याने निघाले की चौदाव्या किलोमीटरच्या आसपास चितेगाव येते. एके काळी हे निव्वळ काळ्या मातीचे शिवार होते. पुढे व्हिडिओकॉनचा कारखाना आला, त्याच्या मागोमाग लहानमोठी युनिटे आली, कामगारांना राहायला खोल्या लागल्या, रस्त्याच्या कडेला गाळे निघाले आणि शेतांचे प्लॉट झाले. २०१८ साली ती कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली, तेव्हा तिच्यावर पोट असलेल्यांचे दिवस कठीण झाले. आता वारे पुन्हा फिरले आहे. पुढे बिडकीनला ऑरिकची औद्योगिक नगरी उभी राहत आहे, २०२४ साली टोयोटा किर्लोस्करने तेथील प्रकल्पासाठी राज्य सरकारशी करार केला, आणखीही मोठी नावे घेतली जात आहेत. त्यामुळे या रस्त्यावर ज्याच्याजवळ अर्धा गुंठा जागा आहे तोही दोन गाळे काढून वर खोल्या बांधण्याच्या विचारात आहे.

बांधणारे कोण आणि बांधून घेणारे कोण, हे पाहिले तर दोन्हीकडे आपलेच लोक बऱ्याच संख्येने दिसतात. गवंडी, सेंटरिंगवाले, सळई बांधणारे, प्लंबर, फरशीवाले हे आपले कारागीर. आणि आयुष्यभराची पुंजी, पत्नीचे दागिने, भावाकडून घेतलेले हातउसने एवढे सगळे एका बांधकामात ओतणारे आपलेच छोटे व्यापारी. म्हणून या पानावर दोघांशी एकदम बोलायचे आहे.

नव्या वसाहतींच्या गल्ल्यांतून एकदा सावकाश चालून पाहा. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी गेलेली भेग, मधोमध वर आलेली फरशी, पावसाळ्यात न लागणारा दरवाजा, रस्त्याकडे कललेली कंपाऊंडची भिंत, स्लॅबच्या खालच्या बाजूला गंजाचे तांबूस डाग. घर जुने असते तर गोष्ट वेगळी. ही घरे पाच-सात वर्षांची आहेत. मालक म्हणतो, मिस्त्रीने सिमेंट कमी टाकले. मिस्त्री म्हणतो, मालकाने हलके सिमेंट आणले. दोघे मिळून म्हणतात, दुकानदाराने जुना माल दिला. मी स्वतः या रस्त्यावर सिमेंट-सळईचा व्यापार करतो, त्यामुळे तिसरा आरोप मी पुष्कळदा ऐकला आहे. पण माझा अनुभव असा की, अशा दहा घरांतील आठ घरांत सिमेंटच्या गोणीचा काहीच दोष नसतो. दोष असतो दोन ठिकाणी : जमिनीखाली, आणि स्लॅब पडल्यानंतरच्या पंधरवड्यात. घासाघीस करताना आपण नेमके याच दोन ठिकाणचे पैसे वाचवतो, कारण या दोन्ही गोष्टी नंतर कुणाला दिसत नाहीत.

याची सुरुवात माझ्याच घरापासून करतो. घराच्या मागे एक खोली वाढवायची होती. मिस्त्री वयाने मोठे, आम्ही सगळे त्यांना चाचा म्हणतो. चार फूट खोदून झाल्यावर ते म्हणाले, ‘‘भाई, अजून दोन-तीन फूट जाऊ द्या. मुरूम लागलेला नाही, अजून काळीच आहे.’’ मी म्हणालो, ‘‘चाचा, एकमजली खोली आहे, वर पत्रे टाकायचे. वजन ते किती असणार?’’ चाचा दोनदा बोलले, तिसऱ्यांदा गप्प बसले. खोदलेली माती बाहेर टाकायला ट्रॅक्टरचे भाडे पडत होते, तीही मी जोत्यातच भरून घेतली. पहिल्याच पावसाळ्यात फरशी मध्यभागी वर आली. उन्हाळ्यात भिंत खिडकीपासून छतापर्यंत फाटली. आणि मी काय केले? वर्षभर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत राहिलो की, काम बरोबर झाले नाही. शेजारचे एक काम त्यामुळे चाचांच्या हातून गेले. ही गोष्ट नंतर मी त्यांच्यापुढे कबूल केली, पण गेलेले काम काही परत आले नाही.

माती घर उचलते

काळ्या मातीबद्दल आपल्याला वाटते की ती मऊ आहे, म्हणून घर खचते. हे अर्धेच खरे आहे. ही माती घर खाली ओढते तशी वरही उचलते. दख्खनच्या काळ्या पाषाणापासून बनलेल्या या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचे चिकण खनिज असते. त्याच्या कणांचे थर पाणी पिऊन फुगतात आणि पाणी गेले की आकसतात. मे महिन्यात शेतात पडलेल्या भेगांत काठी घालून पाहिली तर हातभर आत जाते; मृगाचा पाऊस झाला की त्याच भेगा मिटतात. शेतकऱ्याला याचे कौतुक वाटते, कारण जमीन आपली आपणच नांगरली जाते. त्याच जमिनीवर आपण भिंत उभी करतो, तेव्हा दरवर्षी एकदा वर आणि एकदा खाली असा झोका त्या भिंतीला बसतो. सगळे घर एकसारखे वर-खाली झाले असते तर फारसे बिघडले नसते. पण न्हाणीघराच्या बाजूची माती बारमाही ओली, पुढच्या ओट्याखालची कोरडी, कडुनिंबाच्या बाजूची मुळांनी शोषलेली. घर तीन बाजूंनी तीन तऱ्हेने हलते आणि जिथे भिंत दुबळी, म्हणजे खिडकी-दरवाजाच्या कोपऱ्यात, तिथे फाटते.

येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. हलके बांधकाम सुरक्षित, ही समजूत काळ्या मातीपुरती उलटी आहे. तीनमजली इमारतीचे वजन फुगणाऱ्या मातीला थोडेफार दाबून धरते. एकमजली खोली, पत्र्याचे शेड, गोदामाची फरशी, संडास, कंपाऊंडची भिंत यांना ती सहज उचलते. आपल्या लोकांची बांधकामे बहुतेक याच प्रकारची असतात आणि ‘वजन ते किती’ म्हणून आपण त्यांनाच कमी खोल पाया देतो. मीही तेच केले होते.

मातीची परीक्षा फार अवघड नाही. प्रयोगशाळेत एक साधी चाचणी करतात. वाळवून बारीक चाळलेली माती १० ग्रॅम घेऊन मापाच्या काचेच्या नळ्यात पाण्यात टाकतात, तेवढीच दुसऱ्या नळ्यात रॉकेलमध्ये. २४ तासांनी दोन्हींची उंची पाहतात. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, पाण्यात फुगते. फरक जितका मोठा तितकी माती खोडकर. इंजिनिअरकडून ही चाचणी करून घ्यायला जो खर्च येतो तो एका दरवाजाच्या चौकटीइतकाही नसतो. तेवढेही जमत नसेल तर किमान एक गोष्ट करा : सौदा ठरवण्याआधी प्लॉटच्या दोन टोकांना दोन खड्डे खोदून पाहा. आपल्या भागात वर काळी, तिच्याखाली चुनखडीचे खडे असलेली पिवळसर माती आणि मग मुरूम असा क्रम पुष्कळ ठिकाणी लागतो. पण मुरूम कुठे तीन फुटांवर असतो, तर ओढ्याच्या बाजूला दहा फुटांवरही लागत नाही. शेजाऱ्याचा पाया पाच फूट होता, म्हणून आपलाही पाच फूट, हा हिशोब येथे चालत नाही.

मुरूम हाती लागण्याजोगा असेल तर फुटिंग मुरमात उतरवा, दुसरा विचार नको. तो फार खोल असेल तर रूढ पद्धतीने खोदत बसण्यापेक्षा अंडर-रीम्ड पाइल स्वस्त पडू शकतात. रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने काळ्या मातीसाठी रूढ केलेली ही पद्धत आहे. साधारण फूटभर व्यासाचे भोक ऑगरने साडेतीन मीटरच्या आसपास न्यायचे, तळाशी ते अडीचपट रुंद करायचे आणि सळईचा सांगाडा सोडून काँक्रीट भरायचे. तळाचा फुगीर भाग वर-खाली न होणाऱ्या थरात रुतून बसतो आणि घराला नांगरासारखा धरतो. पाइलवरच्या प्लिंथ बीमखाली किमान ८ सेंटीमीटर पोकळी सोडावी लागते, म्हणजे माती फुगली तरी बीमला टेकत नाही. ही पोकळी पाहून काही मालक मिस्त्रीवर रागावतात आणि ती बुजवून घेतात! मग पाइलवर केलेला खर्च पाण्यात.

आणि जोत्यात भर घालताना खोदलेली काळी माती पुन्हा आत टाकू नका. माझ्या मते या भागातील उखडलेल्या फरश्यांचे सर्वांत मोठे कारण हेच आहे. आयआयटी मुंबईचे प्राध्यापक कट्टी यांनी काळ्या मातीवर वर्षानुवर्षे काम करून दाखवले की, फुगणाऱ्या मातीवर न फुगणाऱ्या पण चिकटपणा असलेल्या मातीचा, म्हणजे आपल्या साध्या मुरमासारख्या मातीचा, पुरेसा जाड आणि नीट ठोकलेला थर दिला तर खालची माती आटोक्यात राहते. कालव्यांच्या अस्तरीकरणासाठी ही पद्धत भारतीय मानकांतही आली. गोदामवाल्यांनी आणि गाळेवाल्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावे. मुरूम सहा ते नऊ इंचांच्या थरांत, पाणी मारून, प्रत्येक थर धुम्मसने किंवा रोलरने ठोकून भरायचा असतो. एकदम तीन फूट ढीग ओतून वरून पाण्याचा पाइप सोडणे याला भर घालणे म्हणत नाहीत. काही जण मुरूम महाग म्हणून वाळू भरतात. तसे करू नका. वाळूत पाणी साचते आणि खालच्या काळ्या मातीला ती बारमाही पाजत राहते.

पाण्याचा शत्रू म्हणून उल्लेख झाला, पण खरा शत्रू पाणी नव्हे, ओले-सुके होणे आहे. आपल्या राज्यातील मातीच्या धरणांत पाणी अडवणारा गाभा याच काळ्या मातीचा भरतात. तो सदैव ओला राहतो, म्हणून इमानाने काम करतो. घराखालची माती सदैव ओली ठेवणे शक्य नाही; तेव्हा तिच्यात पाण्याची चढउतार होऊ द्यायची नाही. घराभोवती चार-पाच फुटांचा उताराचा कोबा करा, पन्हाळ्याचे पाणी पाइपने दूर सोडा, न्हाणीघराची मोरी जोत्यालगत मोकळी सोडू नका, झाड लावायचे तर घरापासून लांब लावा. आपल्याकडे वुजूच्या जागेचे, हौदाचे सांडपाणी मशिदीच्या किंवा मदरशाच्या भिंतीलगतच मुरते, त्याकडेही विश्वस्तांनी लक्ष द्यावे.

काँक्रीटची तहान

आता जमिनीवर येऊ. मराठवाड्यात बांधकामाचा हंगाम म्हणजे पावसाळ्यापूर्वीचे महिने, आणि तेच नेमके आगीचे महिने. पारा चाळीसच्या वर, हवा कोरडी, दुपारून वारा. भारतीय मानकांनुसार हवेचे तापमान ४० अंशांपुढे गेले की ते उष्ण हवेतील काँक्रीट ठरते आणि त्याला वेगळी काळजी लागते. टाकतेवेळी काँक्रीटचे स्वतःचे तापमानही ४० अंशांच्या आत असावे लागते. आपल्याकडे काय होते? खडी उन्हात, सळई हाताला चटका बसेल इतकी तापलेली, गच्चीवरच्या काळ्या टाकीतले पाणी आंघोळीलाही सोसणार नाही असे. त्यात सेंटरिंगवाला उशिरा येतो, मिक्सर अकराला सुरू होतो आणि स्लॅब भर दुपारी पडतो. माल मिक्सरमधून बाहेर येता येता घट्ट होतो. मग वरून आवाज येतो, ‘‘पाणी मार, पाणी मार!’’

हे पाणी म्हणजे जहर आहे. सिमेंटला जडण्यासाठी जेवढे पाणी लागते त्यापेक्षा जास्त टाकलेले पाणी उडून जाते आणि त्याच्या जागी बारीक पोकळ्या राहतात. घरगुती आरसीसी कामाला जो १ : दीड : ३ माल आपण वापरतो, त्याला मानकांनी ५० किलोच्या गोणीमागे जास्तीत जास्त ३० लिटर पाणी ठरवून दिले आहे, तेही वाळूत आधीपासून असलेला ओलावा धरून. म्हणजे १५ लिटरच्या दोन बादल्या. मिक्सरजवळ बादली मोजणारा एक माणूस उभा करा, एवढ्यानेच स्लॅबचे नशीब पालटते. आजकाल नदीची वाळू दुर्मिळ झाली आणि क्रश सँड आली. तिच्यात भुकटी जास्त असली की ती जास्त पाणी मागते. तेव्हा भुकटीचा माल परत पाठवा, पाणी वाढवू नका. चाळीस लिटर पाणी टाकून वर गोणीमागे जादा सिमेंट टाकणारेही आहेत. माझा धंदा सिमेंट विकण्याचा आहे, तरी सांगतो, जादा सिमेंटने ही चूक भरून निघत नाही. अतिसिमेंटचा माल उन्हात उलट जास्त तडकतो.

उपाय खर्चाचा नाही, वेळेचा आहे. फजरची नमाज झाली की मिक्सर सुरू व्हावा आणि जोहरपूर्वी स्लॅब पूर्ण व्हावा. खडीवर आदल्या संध्याकाळी पाणी मारून ती गोणपाटाने झाकावी, पाण्याची टाकी सावलीत असावी, सळई आणि सेंटरिंगच्या प्लेटा माल टाकण्यापूर्वी पाण्याने थंड कराव्यात, मात्र प्लेटांत पाणी साचू देऊ नये. यात मजुराचाही फायदा आहे. बेचाळीस अंशांत डोक्यावर घमेले घेऊन जिना चढणाऱ्या माणसाकडून कोणती सफाई अपेक्षिणार?

ताज्या स्लॅबवर वारा लागला की दोन-तीन तासांतच वरच्या कातडीला बारीक भेगा पडतात. त्यावर प्लॅस्टिकचा कागद किंवा ओले गोणपाट अंथरावे. आणि मग खरे काम सुरू होते, ते म्हणजे पाणी मारणे. मानकांप्रमाणे साध्या सिमेंटला किमान ७ दिवस आणि कोरड्या, उष्ण हवेत १० दिवस काँक्रीट सतत ओले राहिले पाहिजे. आज घरबांधणीला दुकानातून जे सिमेंट जाते ते बहुतेक राखमिश्रित, म्हणजे पीपीसी. राखेचे सिमेंट चांगलेच असते, पण त्याची ताकद सावकाश चढते. त्याला किमान १० दिवस, आणि १४ दिवसांपर्यंत न्यावे अशी शिफारस आहे. सतत ओले म्हणजे सकाळ-संध्याकाळ पाइप फिरवणे नव्हे. मे महिन्यात सकाळी मारलेले पाणी दहा वाजेपर्यंत उडते आणि संध्याकाळपर्यंत स्लॅब तहानलेला राहतो. वाळू-सिमेंटचे वाफे करून पाणी तुंबवले पाहिजे. कॉलमला वाफे करता येत नाहीत, म्हणून त्यांना गोणपाट गुंडाळून ओले ठेवावे लागते. आपल्याकडे कॉलम बहुधा उपाशीच राहतात. स्लॅबच्या टेकूंचेही तसेच. साध्या सिमेंटच्या साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याचे टेकू ७ दिवसांनी आणि त्याहून मोठ्याचे १४ दिवसांनी काढावेत असे मानक सांगते. राखेच्या सिमेंटला आणखी थांबणे शहाणपणाचे. सेंटरिंगवाल्याला प्लेटा पुढच्या साइटवर न्यायची घाई असते, आणि मालक त्याला ‘ने बाबा’ म्हणतो.

लोक म्हणतात, येथे प्यायला पाणी नाही, स्लॅबला कुठून आणणार? तक्रार खोटी नाही. जायकवाडीचे पाणी शहराला नेणाऱ्या पाइपलाइनी याच रस्त्याने जातात, आणि प्लॉटवर मात्र बोअर नाही तर टँकर. पण हिशोब करून पाहा. हजार चौरस फुटांच्या स्लॅबवर एक इंच पाणी तुंबवायला सुमारे २,३६० लिटर लागतात. त्यातून दिवसाला एक सेंटीमीटर उडाले तर रोज ९०० लिटरच्या आसपास भर घालावी लागेल. चौदा दिवसांचे मिळून चौदा-पंधरा हजार लिटर, म्हणजे दहा हजारी टँकर दीड. गोणपाटावर प्लॅस्टिक झाकले तर याहून पुष्कळ कमी. एवढ्या स्लॅबला, पाच इंची धरला तर, बीम सोडून शंभराच्या आसपास गोण्या सिमेंट जाते. शंभर गोण्यांचे पैसे मोजणारा माणूस दीड टँकरसाठी मागे-पुढे पाहतो, हे व्यापारी बुद्धीला धरून आहे काय? तेही जमत नसेल तर स्लॅब पावसाळा सरल्यावर टाका. गाळा चार महिने उशिरा भाड्याने जाईल, इतकेच.

बोअरचे पाणी खारे असेल तर ते मालात वापरण्यापूर्वी तपासून घ्यावे. खारे पाणी सळई खाते. आणि रेडिमिक्सच्या गाडीबद्दल एक सूचना. तिच्यातील माल भरल्यापासून दोन तासांत रिकामा व्हावा असा नियम आहे. गाडी वाटेत अडकली, माल घट्ट झाला आणि ड्रायव्हरने त्यात पाइप सोडला, तर चलनावर सही करू नका.

दरात काय बसते?

आता मूळ मुद्दा. हे सगळे चाचांसारख्या जुन्या मिस्त्रींना माहीत नाही असे नाही. ज्या शहरात मलिक अंबरने नहर आणली, त्याच शहरात सतराव्या शतकात बीबी का मकबरा उभा राहिला. त्याचा बराचसा भाग संगमरवराचा नसून चुन्याच्या गिलाव्याचा आहे आणि तो आजही पाहायला जग येते. चुना सावकाश मुरतो, त्याला घाई चालत नाही, हे त्या कारागिरांना ठाऊक होते आणि त्यांच्या मागे बसलेल्या मालकालाही. आजचा मिस्त्रीही शिकलेला आहे. पण तो चौरस फुटाच्या दराने काम घेतो. त्या दरात पाया किती खोल, हे कुठेच नसते. एक फूट जास्त खोदला तर त्याची मजुरी त्याच्याच खिशातून जाते. पाणी मारायला माणूस ठेवला तर त्याची हजेरी पुन्हा त्याच्याच अंगावर. स्लॅब पडला की दुसऱ्या दिवशी त्याला पुढच्या साइटवर हजर व्हायचे असते, नाही तर मजूर पळतात. आपण दर पाडून घेतो, आणि मग ज्या दोन गोष्टींचे पैसे दिले नाहीत त्या त्याने अल्लाहच्या भीतीने कराव्यात अशी अपेक्षा ठेवतो. अमानतदारी मालकानेही पाळायची असते.

मिस्त्रींनाही एक बोलायचे आहे. मालकाने पैसे वाचवायला सांगितले म्हणून गप्प बसणे हा बचाव होत नाही. डॉक्टर चुकीचे औषध मागणाऱ्या रुग्णाला ते देत नाही. मुरूम लागला नसेल तर काम थांबवा. काम गेले तरी चालेल. उखडलेल्या घराचे नाव तुमच्या नावाला वीस वर्षे चिकटून राहते, आणि पुढे बिडकीनकडे मोठी कामे निघतील तेव्हा ठेकेदार हेच विचारणार आहे की, यापूर्वी कुठे काम केले, चला दाखवा.

कायद्याचा आधार कितपत आहे, तेही समजून घ्या. बिल्डरने नोंदणीकृत प्रकल्पात गाळा विकला असेल तर २०१६ च्या रेरा कायद्याप्रमाणे ताबा दिल्यापासून पाच वर्षांत निघालेला बांधकामाचा दोष त्याने स्वखर्चाने दुरुस्त करून द्यायचा असतो. पण आपण आपल्या प्लॉटवर मिस्त्रीला ठेका देऊन बांधतो, तेव्हा हा कायदा मदतीला येत नाही. तेथे तुमच्या दोघांत जे लिहिले असेल तेच खरे. आणि आपण काय लिहितो? वहीच्या पानावर ‘उचल पन्नास हजार मिळाले’ आणि खाली अंगठा. मुदतीचा व्यवहार लिहून ठेवावा, साक्षीदार ठेवावेत, ही शिकवण आपल्याला कुणी नव्याने द्यायला नको. दुकानातील उधारी आपण पैशापैशाने लिहितो. घराच्या बाबतीत मात्र भरवशावर सोडतो.

माझी सूचना साधी आहे. दर ठरवताना पाया आणि पाणी हे दोन्ही चौरस फुटाच्या दरातून बाहेर काढा. पाया अमुक फुटांपर्यंत दरात, त्यापुढे मुरूम लागेपर्यंत प्रत्येक फुटाला अमुक जादा, असे लिहा; मग खोल खोदण्यात मिस्त्रीचे नुकसान नाही आणि उगाच खोदण्यात फायदाही नाही, कारण मुरूम लागला की नाही हे मालकाने खड्ड्यात उतरून स्वतः पाहायचे. फुटिंग भरण्यापूर्वी खड्ड्याचा मोजपट्टीसकट फोटो काढून ठेवा. आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. जोत्यात मुरूमच भरायचा, किती ब्रास, कुणाच्या खर्चाने, हे लिहा. पाणी मारण्यासाठी चौदा दिवसांची एका माणसाची हजेरी वेगळी धरा आणि ती मालकाने द्या. शेवटचा हप्ता स्लॅबच्या दिवशी न देता पाणी पूर्ण झाल्यावर द्या. आणि पाणी देण्याची जबाबदारी मालकाने घेतली असेल तर तसेही स्पष्ट लिहा, म्हणजे घरात कुणी विसरले तर त्याचे खापर मिस्त्रीवर फुटणार नाही. दोन प्रती, दोन सह्या, मोहल्ल्यातील एक जाणता साक्षीदार.

काही मिस्त्री म्हणतील, असे लिहिले तर मालक दुसऱ्या स्वस्त माणसाकडे जाईल. काही जाणारच. पण सगळ्यांनी मिळून हाच कागद पुढे ठेवला तर मालक जाणार कुठे? जुम्याला मशिदीबाहेर भेटणाऱ्या दहा-बारा मिस्त्रींनी एवढे ठरवले, तर एका हंगामात चितेगावपुरता रिवाज पडू शकतो. आमच्या दुकानदारांनीही सिमेंटच्या बिलासोबत असा छापील कागद द्यावा. त्याला खर्च तो कितीसा? मी माझ्या दुकानात तो ठेवणार आहे.

राहिला प्रश्न ज्यांच्या घरांना भेगा पडून गेल्या आहेत त्यांचा. ईद जवळ आली की लोक भेगा पुट्टीने बुजवून रंग मारतात आणि पुढच्या वर्षी भेग पुन्हा तिथेच. आधी भेग चालती आहे की थांबली, हे पाहावे. काचेची पातळ पट्टी भेगेवर आडवी ठेवून दोन्ही टोके सिमेंटने चिकटवा आणि तारीख लिहून ठेवा. एक उन्हाळा आणि एक पावसाळा जाऊ द्या. पट्टी शाबूत राहिली तर खुशाल दुरुस्ती करा. ती तडकली तर गवंड्याआधी इंजिनिअरला बोलवा, आणि तोपर्यंत निदान घराभोवतीचे पाणी दूर काढा. माझ्या मागच्या खोलीतील पट्टी तडकली. आता त्या बाजूने कोबा करून मोरी फिरवून घेतली आहे, दुसरी पट्टी लावली आहे, आणि हे काम चाचांनीच केले.